तानसेन समारोहाला येताय? ग्वाल्हेरच्या रसिकांना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबर तोंडावर आला की लष्करातल्या, म्हणजे ग्वाल्हेरच्या लष्कर नावाच्या भागातल्या, मराठी घरांमधले फोन वाजायला लागतात. पुण्याचे आतेभाऊ, नागपूरच्या वहिनी, ठाण्यात नोकरी करणारा कुणाचा तरी मुलगा, सगळ्यांना हजिऱ्याला, तानसेनांच्या कबरीपाशी भरणाऱ्या समारोहात गाणं ऐकायला यायचं असतं. ऐकून परत गेले की दुसरी फेरी सुरू होते: काय ऐकलं, कसं वाटलं, कुठे लिहू, कसं सांगू. दोन्ही फेऱ्यांमधले प्रश्न इथे एकत्र केलेत. उत्तरं देणारे आम्ही कुणी पंडित नव्हे. मांडवात बसून थंडी खाल्लेले साधे श्रोते आहोत, तेव्हा त्या बेतानेच वाचावं.

समारोह नेमका कधी असतो?

डिसेंबरात, चार-पाच दिवस. तारखा मात्र दरवर्षी सरकतात. २०२३ ला तो ऐन नाताळात आला होता, २०२४ ला १५ ते १९ डिसेंबर होता. त्यामुळे गेल्या वर्षीच्या तारखांच्या भरवशावर रेल्वेचं आरक्षण करू नका. आयोजन मध्य प्रदेशाच्या संस्कृती विभागाची उस्ताद अलाउद्दीन खाँ संगीत एवं कला अकादमी करते. तारखा आधी कळतात, पण कुठल्या सभेला कोण हे कळायला वेळ लागतो. आपल्या आवडत्या कलाकाराचाच दिवस गाठायचा असेल तर दोन दिवस मागेपुढे हाताशी ठेवूनच निघावं.

तिकीट किती?

नाही. या आणि बसा. पुढच्या काही जागा निमंत्रितांच्या असतात, तेवढ्या सोडायच्या.

पाचही दिवस जमणार नाही. कोणता गाठावा?

हा प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा मोठ्या नावाची संध्याकाळ असते. ती ऐकाच. पण आम्हाला विचाराल तर पहिल्या दिवसाची सकाळ चुकवू नका, आणि शेवटच्या दिवसाची बेहटची सभा तर अजिबात नको.

पहिल्या सकाळी तानसेनांच्या कबरीपाशी शहनाई होते, मग ढोलीबुवा महाराजांची हरिकथा, मग मिलाद (पैगंबरांचं स्तुतिगान) आणि कबरीवर चादर. म्हणजे आधी नाथपंथी कीर्तनकार बोलतात आणि त्यांच्यामागून मौलवीसाहेब, तेही त्याच आवारात, त्याच सतरंज्यांवर बसलेल्या माणसांपुढे. ढोलीबुवांचा मठ लष्करातला, परंपरा मराठी कीर्तनाची, आणि निरूपणाची भाषा समोरच्या लोकांची म्हणून हिंदी. महाराष्ट्रातून आलेल्या पाहुण्यांना इथे हमखास चकित व्हायला होतं. मुंबईच्या एक मावशी आमच्याजवळ बसल्या होत्या, त्या हळूच म्हणाल्या, "अहो, हे तर आपलंच कीर्तन, फक्त नारदाची वीणा दिसत नाही." गर्दी फारशी नसते. कबरीच्या अगदी जवळ बसायला मिळतं. संध्याकाळच्या सभांना हे सुख नाही.

बेहट हे तानसेनांचं गाव, ग्वाल्हेरपासून साधारण ४५ किलोमीटरवर. झिलमिल नदीच्या काठी शंकराचं एक कललेलं देऊळ आहे. तानसेनांच्या गाण्याने ते कललं असं गावकरी सांगतात. सभा सकाळची. श्रोत्यांत निम्मं गाव असतं: घुंगट घेतलेल्या बायका, कठड्यावर चढून बसलेली पोरं, शेतातून तसेच आलेले म्हातारे. एका वर्षी तिथे गायकाने अल्हैया बिलावल सुरू केला. पुढ्यातल्या एका आजोबांनी डोक्याचं पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, आली की नेमकी त्याच्यावर थाप मारायचे. चुकले नाहीत एकदाही. गायकाच्याही ते लक्षात आलं आणि मग तो समेला मुद्दाम त्यांच्याकडेच बघायला लागला. शहरातल्या प्रेक्षागृहात असं व्हायचं नाही, कारण तिथे श्रोते अंधारात असतात.

समारोपाची संध्याकाळची सभा अलीकडच्या वर्षांत किल्ल्याच्या पायथ्याशी गुजरी महालात होते आणि तिथे स्त्री कलाकार गातात, वाजवतात. महाल राजा मानसिंह तोमराने आपल्या गुजरी राणीसाठी, मृगनयनीसाठी बांधलेला. मानसिंह १४८६ ते १५१६ गादीवर होता आणि धृपदाला, म्हणजे ख्यालाच्या आधीच्या जुन्या गायकीला, ग्वाल्हेरात जे दिवस आले ते त्याच्या आश्रयाने. दगडी आवारात तंबोऱ्याचा नाद छान घुमतो, तबला मात्र थोडा विरतो, असं आमचं मत. दूर मागे बसू नका.

थंडी खरंच एवढी असते का?

असते. मुंबईकरांचा 'हलका स्वेटर' इथे कामाचा नाही. रात्री पारा सात-आठ अंशांवर, कधी त्याच्याही खाली जातो. मांडवाला छत असलं तरी बाजू मोकळ्या. कानटोपी, पायमोजे आणि अंगाभोवती दोनदा गुंडाळता येईल अशी शाल एवढं आणा. बसायला आसन जाड असावं, गारवा खालून चढतो.

थंडीने श्रोते कुडकुडतात ते सोडा, वाद्यांचे हाल जास्त होतात. रात्री दव पडायला लागलं की तबल्याची पुडी (वरचं कातडं) ओल धरते, सैल पडते, स्वर उतरतो. सतार-सरोदच्या पोलादी तारा गारठ्याने आखडतात आणि चढतात. एकाच मंचावर एक वाद्य खाली चाललंय, दुसरं वर. म्हणून दोन चिजांच्या, म्हणजे रचनांच्या, मध्ये तबलजी हातोडी घेऊन गजऱ्यावर (पुडीच्या कडेच्या वेणीवर) चहूबाजूंनी ठोकत बसतो. नवे श्रोते कंटाळून घड्याळ बघतात. तेव्हा जरा कान द्या. तबलजी एका बोटाने किनारीवर टिचकी मारतो, पाव फेरा तबला फिरवतो, पुन्हा टिचकी. एखाद्या घरात स्वर जरासा खाली बोलतो, तिथे वरून हलका ठोका. मग समोरच्या घराची पाळी. शेवटी सगळीकडून एकच 'ना' आला की तो मान वर करतो आणि सतारिया एका तारेवरून नखी फिरवून हसतो. त्या हसण्यानंतरचं वादन सहसा चांगलं होतं. आमच्यातले काही जण तर या जुळवाजुळवीवरूनच मैफल कशी होणार याचा अंदाज बांधतात, आणि बऱ्याचदा तो बरोबर निघतो.

संध्याकाळच्या सभेला उशिरा पोचलो तर काही बिघडतं का?

मोठे कलाकार चुकणार नाहीत, ते मागाहूनच असतात. पण प्रत्येक सभेची सुरुवात इथल्या एखाद्या संगीत विद्यालयाच्या धृपद गायनाने होते. विद्यार्थी आणि गुरुजी एकत्र बसतात, पखवाज असतो. रांगेतली दोन-तीन मुलं घाबरलेली असतात, एखादी मुलगी मात्र सगळ्यांचा आवाज खेचून नेते. माधव संगीत महाविद्यालय १९१८ सालचं, माधवराव शिंद्यांनी पंडित भातखंड्यांच्या मार्गदर्शनाखाली काढलेलं. शंकर गांधर्व महाविद्यालय त्याच्याही आधीचं, १९१४ चं, पंडित कृष्णराव शंकर पंडितांनी सुरू केलेलं. पुढे नाव काढणारी पोरं याच रांगांतून येतात. आम्ही वेळेवर जातो.

राग ओळखता येत नाहीत. येऊन काही कळेल का?

राग ओळखता न येणारे लोक मांडवात बहुसंख्य असतात, फक्त ते सांगत नाहीत.

खरं म्हणजे ओळखण्याची घाईच नडते. आलाप सुरू झाला की शेजारचा कुजबुजतो, "पूरिया आहे का मारवा?" आणि पुढची दहा मिनिटं दोघांचंही लक्ष त्या कोड्यात जातं, गाणं राहतं बाजूला. एवढं करून बघा: गायक पुन्हा पुन्हा कुठल्या स्वरावर येऊन थांबतो ते धरा. तो स्वर कानात बसला की बाकीचे आपोआप त्याच्याभोवती दिसायला लागतात. दुसरं, तंबोरा ऐका. माइकमधून तो मंद येतो, तरी येतो. आपण घरी षड्ज (सा) गृहीत धरतो. इथे तो सतत वाजतोय हे एकदा जाणवलं की गायक त्याच्यापासून किती दूर गेला आणि कसा परतला ते सांगावं लागत नाही.

वेळेचीही मदत होते. सकाळच्या सभेत तोडी, बिलावल, देसकार असे राग पडतात. संध्याकाळी पूरिया, यमन, आणि रात्र चढली की बागेश्री, मालकंस, दरबारी. तानसेनांच्याच नावावर असलेले राग, म्हणजे मियाँ की तोडी, मियाँ मल्हार, दरबारी, त्यांच्याच कबरीसमोर गाताना कलाकार जरा दबकूनच असतो. दरबारीचा तो आंदोलित गंधार घेण्याआधी एका गायकाने क्षणभर मागे कबरीकडे पाहिलेलं आम्ही पाहिलंय.

दाद कशी द्यायची? टाळ्या वाजवल्या तर लोक बघतात.

टाळ्या तुकडा संपल्यावर. मधे 'क्या बात', 'वाह', किंवा नुसता हात वर. ग्वाल्हेरचा श्रोता दाद देण्यात थोडा कंजूस आहे, हे कबूल करायला हरकत नाही. महाराष्ट्रात तानेला टाळी पडते. इथे तान झाली तरी लोक गप्प राहतात आणि एखादी साधी जागा, आवाज न चढवता घेतलेली मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं), तिच्यावर मागून कुठून तरी 'आहा' येतो. पुण्याच्या एका काकूंना हे लागलं. त्या म्हणाल्या, "एवढं गायला बिचारा, आणि तुम्ही दगडासारखे." त्यांनी मग एकटीनेच खणखणीत टाळ्या वाजवल्या. चांगलं केलं. गायकाने त्यांनाच नमस्कार केला.

एक वाईट सवय इथेही आहे. चीज संपायच्या आतच चहाला उठायचं. द्रुत (जलद) लय लागली की लोक चपला शोधायला लागतात. द्रुत संपेपर्यंत चहा पळून जात नाही.

मोबाइलवर रेकॉर्ड केलं तर चालतं का?

एखादा फोटो काढा, फ्लॅश बंद ठेवून. पूर्ण गाणं हात वर धरून चित्रित करणाऱ्यांना मागचे सगळे मनातल्या मनात शिव्या देतात. सभांचं थेट प्रक्षेपण यूट्यूबवर असतं, त्यातला आवाज तुमच्या फोनपेक्षा केव्हाही बरा. शिवाय घरी गेल्यावर तो व्हिडिओ कुणी पाहत नाही, हा सार्वत्रिक अनुभव.

तरुण मुलांना आणावं का? कंटाळतील ना?

कंटाळतील, थोडी. तरी आणा.

आमच्या ओळखीच्या एकांची भाची जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईला कोल्डप्लेच्या कार्यक्रमाला जाऊन आली होती. हातात लुकलुकणारे पट्टे, हजारो माणसं एकत्र गातायत, सगळं साग्रसंगीत. तिला मामाने तानसेन समारोहाला आणलं. पहिला अर्धा तास तिने फोनच पाहिला. मग सारंगीची साथ असलेला ख्याल सुरू झाला आणि ती विचारायला लागली, "तो गायलेलं लगेच कसं वाजवतोय? आधी बसवलंय का?" बसवलेलं नाही म्हटल्यावर ती सरसावून बसली. पुढचा सगळा वेळ तिचे डोळे गायकावर नव्हते, सारंगियाच्या डाव्या हातावर होते. सारंगी नखांच्या मुळाशी तार दाबून वाजते हे तिला आमच्यातल्या कुणी सांगितलं नव्हतं, तिने पाहून काढलं. परत जाताना म्हणाली, तिकडे सगळे एकत्र गात होते ते भारी होतं, इकडे तो एकटाच काय करणार हे कुणालाच माहीत नव्हतं, तेही भारी होतं. दोन्हींची तुलना करून एकाला कमी लेखणाऱ्या काकालोकांनी तिच्याकडून शिकावं.

मुलांना सुरुवातीलाच तीन तासांची शपथ घालू नका. एक चीज ऐकून बाहेर फिरू द्या. समारोहाच्या आदल्या संध्याकाळी हजिऱ्यालाच 'गमक' नावाचा पूर्वरंग होतो, त्यात सुगम, सूफी गाणं असतं. शास्त्रीयाची धास्ती असलेल्यांनी तिथून सुरुवात करावी.

ग्वाल्हेर घराण्याचं गाणं इथे हटकून ऐकायला मिळतं का?

हटकून नाही. समारोह सगळ्या घराण्यांचा, सगळ्या वाद्यांचा, आता विश्वसंगीत म्हणून परदेशी कलाकारांचाही. पण हा प्रश्न मराठी माणसाने विचारला की आम्हाला बरं वाटतं, कारण आज महाराष्ट्रात जो ख्याल गायला जातो त्याची एक मोठी वाट इथून निघाली आहे. एकोणिसाव्या शतकात शिंद्यांच्या दरबारात हद्दू खाँ, हस्सू खाँ होते. हस्सू खाँचे शिष्य वासुदेवबुवा जोशी. त्यांच्याकडे शिकायला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर घर सोडून इतक्या लांब आले आणि ती विद्या घेऊन मिरज-इचलकरंजीला गेले. मिरजेत त्यांच्याकडे विष्णु दिगंबर पलुस्कर शिकले आणि १९०१ साली लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं. तुमच्या गावातल्या गाण्याच्या क्लासच्या भिंतीवर ज्यांची तसबीर आहे त्यांची गुरुपरंपरा आमच्या गल्लीत येऊन थांबते, असं आम्ही पाहुण्यांना ऐकवतो. थोडा तोरा असतो त्यात, चालायचंच.

ग्वाल्हेर गायकी ओळखायची कशी? गायक सुरुवातीलाच लांब आलाप करत बसला नाही, बंदिशीची स्थायी आणि अंतरा सलग, नीट, शब्द न चावता म्हणून दाखवली, आणि मग बहलाव्यांना (संथ स्वरविस्ताराला) लागला, तर कान टवकारा. विलंबित असूनही लय ओढलेली नसते. तिलवाडा या संथ तालाचा ठेका बऱ्याचदा. राग साधे, सर्वांच्या ओळखीचे: यमन, भूप, हमीर, केदार, कामोद, छायानट. तान सरळ, सपाट, वरून खाली धाडकन येणारी. आणि कुणी टप्पा घेतला तर हातातलं सगळं सोडा. टप्प्यात विसावा नसतो, प्रत्येक अक्षर गिरक्या घेत जातं, आणि तो नीट गाणारे आता थोडे उरलेत. एका सकाळच्या सभेत शेवटची पाच मिनिटं एका ज्येष्ठ गायकाने टप्पा म्हटला. मांडव निम्मा रिकामा झाला होता. राहिलेले आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो.

शताब्दीचा समारोह कसा झाला? आम्ही नव्हतो.

समारोह सुरू झाला १९२४ ला, आणि २०२४ चा शंभरावा म्हणून साजरा झाला. गर्दी नेहमीपेक्षा जास्त, गाडी लावायला जागा नाही, आणि वर्षानुवर्षं न आलेले ग्वाल्हेरकरही आवर्जून आलेले. १५ डिसेंबरला किल्ल्यावर ५४६ कलाकारांनी एकत्र वादन केलं, त्याची गिनीज विक्रमात नोंद झाली.

पण आमच्या आठवणीत त्या दिवसाची रात्र आहे. उस्ताद जाकिर हुसैन गेले अशी बातमी पसरली, मग नाही गेले असं आलं, आणि १६ च्या सकाळी खरंच कळलं. मांडवाबाहेर चहाच्या ठेल्यावर दुसरा विषय नव्हता. एक जण सांगत होता की त्याने त्यांना कुठे ऐकलं, दुसरा त्याच्यावर चढ, तिसरा म्हणाला मी फक्त कॅसेटवर ऐकलं पण सगळ्या कॅसेट झिजवल्या. त्या दिवशी आत कोणीही गायलं-वाजवलं तरी आमचं लक्ष तबलजीच्या हातांकडे जात होतं. एरवी साथीदाराचं नाव निवेदकाने सांगितलं की लोक विसरतात, त्या दिवशी शेजारचे पुन्हा विचारून घेत होते, "तबल्यावर कोण आहे?" नंतर लोकांनी आम्हाला लिहून पाठवलेल्या अनुभवांत मुख्य कलाकाराइतकंच साथीदाराबद्दल लिहिलेलं होतं. ती सवय टिकावी असं वाटतं.

विक्रमांबद्दल तुमचं काय मत? हजार तबले एकदम कशाला?

२०२३ च्या डिसेंबरातही किल्ल्यावर 'ताल दरबार' झाला होता, हजारावर तबलजी एकत्र. त्याच वर्षी युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीताचं शहर म्हणून मान दिला होता, तेव्हा शहर उत्साहात होतं. आमच्यात यावर दोन तट आहेत. एकांचं म्हणणं, हे गाणं ऐकण्याचं नाही, मोजण्याचं काम. दुसऱ्यांच्या घरची पोरं त्यात वाजवायला होती. कुणाचा बारा वर्षांचा नातू महिनाभर रोज सरावाला गेला आणि त्याने आपणहून तबल्याला पावडर लावून पुसून ठेवायची शिस्त लावून घेतली, त्या आजीला विक्रम फालतू आहे म्हणून कोण सांगणार? मैफल म्हणून ते ऐकायला जाऊ नका. उत्सव म्हणून पाहा.

चिंचेचा पाला खावा का?

खा की. कबरीजवळच्या चिंचेची पानं चघळली की आवाज गोड होतो असा जुना समज आहे. मूळ झाड कधीच गेलं, आताचं नंतरचं. पानं आंबट लागतात. पण ओरबाडू नका, शे-दोनशे गवय्यांनी एकेक फांदी तोडली तर हेही झाड जाईल.

दिवसा दोन सभांच्या मधे काय करावं?

झोपा. हे खरं उत्तर. झोप येत नसेल तर जीवाजीगंजातलं सरोद घर बघा, उस्ताद हाफिज अली खाँ यांचं वडिलोपार्जित घर, आता वाद्यांचं संग्रहालय. तानसेनांच्या कबरीशेजारीच मोहम्मद गौस यांचा मोठा मकबरा आहे. सगळे घाईत त्याला बगल देऊन मांडवात शिरतात. आत जाऊन दगडी जाळ्या बघा, प्रत्येक जाळीची नक्षी वेगळी, आणि दुपारचं ऊन त्यातून फरशीवर उतरतं. दुपारी राजा मानसिंह तोमर संगीत एवं कला विद्यापीठात 'वादी-संवादी' नावाने कलाकार-अभ्यासकांची व्याख्यानंही असतात. आदल्या रात्री ज्यांना ऐकलं त्यांनाच बोलताना ऐकण्याचा योग कधी येतो.

खाण्या-राहण्याचं काय? मराठी चालतं का?

लष्करात, महाराज बाडा या चौकाच्या आसपास राहा. हजिऱ्याला रिक्षाने सहज जाता येतं. परतीची रिक्षा रात्री उशिरा मिळायला त्रास होतो, जातानाच बोलून ठेवा. जनकगंज, दौलतगंज भागात दारावर मराठी आडनावं दिसतील. मराठी बोलाल तर उत्तरही मराठीत मिळेल, मधेमधे हिंदी पेरलेलं. "आम्ही परसों गेलो होतो" हे ऐकून हसू नका, आमच्याकडे असंच बोलतात. सकाळी बेडई किंवा कचोरी, नया बाजारात बहादुराचे लाडू, आणि हिवाळा असल्यामुळे गजक. गजक मुरैन्याची प्रसिद्ध, पण ती घरी न्यायला घेतलेली गाडीतच संपते, तेव्हा दुप्पट घ्या.

ऐकून आल्यावर अनुभव लिहून पाठवायचा आहे. काय लिहू?

दरवर्षी अनुभव येतात आणि दहातल्या आठांत 'अविस्मरणीय', 'स्वर्गीय', 'शब्दांत सांगता येणार नाही' असतं. शब्दांत सांगता येणार नसेल तर ठीक, पण मग न आलेल्या माणसाला काय मिळालं?

आम्हाला हे हवं असतं: कोणती सभा, साधारण किती वाजता, कोणता राग (माहीत नसेल तर बंदिशीचे दोन शब्द ऐकू आले ते), साथीला कोण. आणि मग एकच जागा. फक्त एक. जिथे तुमचा श्वास अडकला किंवा शेजाऱ्याशी नजरानजर झाली ती. एका इंजिनिअर गृहस्थांनी लिहिलं होतं की मालकंसात गायक खर्जात मध्यमावर इतका वेळ थांबला की जनरेटरची घरघर ऐकू येत होती, आणि गंमत म्हणजे ती जवळजवळ सुरात होती. हे वाचून त्या सभेला नसलेला माणूससुद्धा तिथे जाऊन बसतो. त्यांना संगीतातलं काही कळत नाही असं त्यांनीच पुढे लिहिलं होतं. आमचा विश्वास बसला नाही.

लगेच लिहा, त्याच रात्री. सकाळपर्यंत वर्तमानपत्रातलं वर्णन डोक्यात शिरतं आणि आपल्याला काय ऐकू आलं होतं ते पुसून जातं.

गाणं आवडलं नाही तर तसं लिहावं का?

लिहावं. 'रंगलं नाही' एवढं पुरत नाही, का ते सांगा. आवाज बसला होता, तबला फार पुढे होता, मोठ्या नावाने पंचवीस मिनिटांत उरकलं, जे असेल ते. थंडीत बसलेल्या आवाजाबद्दल जरा सैल हाताने लिहावं, कारण तो त्या दिवसापुरता असतो. न जुळलेल्या वाद्याबद्दल नको सैल हात. आणि कलाकाराच्या कपड्यांवर, वयावर, वजनावर टोमणे असलेला मजकूर आम्ही वाचून सोडून देतो.

दोघांचं मत एकदम उलटं पडलं तरी बिघडत नाही. एकाच धृपदाबद्दल एका वर्षी एकाने 'झोप आली' आणि दुसऱ्याने 'झोप उडाली' लिहिलं होतं. दोघं शेजारी बसले होते. नवरा-बायको.

मांडवात ऐकलं ते घरी यूट्यूबवर पुन्हा ऐकलं तर तसं का वाटत नाही?

पडद्यावर कॅमेरा तुमच्यासाठी निवड करतो. तुम्ही मांडवात हार्मोनियमवाल्याकडे बघत होता, कॅमेरा गायकाच्या अंगठीकडे. शिवाय माइकमधला आवाज थेट येतो, मांडवातला लोकांच्या शालींवरून, कापडी छतावरून मऊ होऊन येत होता. तरी पुन्हा ऐकाच, पण दोन-तीन महिने जाऊ द्या. मग रेकॉर्डिंगमधलं गाणं स्वतंत्र म्हणून ऐकू येतं.

परतीची गाडी कोणती धरावी?

मुंबईला पंजाब मेल, पुण्याकडे गोवा एक्स्प्रेस किंवा झेलम. डिसेंबरात उत्तरेकडून येणाऱ्या गाड्या धुक्यामुळे तासन्‌तास उशिराने येतात. बेहटची सभा करून त्याच दिवशीची दुपारची गाडी पकडायचा बेत आखू नका. गुजरी महाल ऐका, रात्र लष्करात काढा आणि दुसऱ्या दिवशीचं आरक्षण ठेवा. फलाटावर गाडीची वाट बघताना तंबोऱ्याच्या गवसण्या घेतलेली मंडळी दिसली तर ओळख काढायला लाजू नका. त्यांचीही गाडी लेटच असते, आणि कालच्या सभेवर बोलायला त्यांना माणूस हवाच असतो.